सर्व ऐकणाऱ्यांना

१

त्या घरात संध्याकाळचा चहा घड्याळ बघून ठेवत नसत. रेडिओ ऐकून ठेवत.

पुढच्या खोलीत फळीवर थोरल्याने स्वतः जोडलेला रिसीव्हर होता. डबा बिस्किटांचा, स्पीकर भंगारातल्या मोटारीचा आणि बटणं कुठल्या कुठल्या मोडक्या यंत्रांची. गल्लीत त्याला खटपट्या म्हणत, ते काही उगाच नाही. दिवसभर तो डबा नुसता खरखरे. मग धाकटा भाऊ कामावरून सुटून छापखान्याच्या कोपऱ्यावर पोचला, की ती खरखर दबे. बोलणं ऐकू यायच्या आधी खरखर दबते, कुणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवावा तशी. मग छापखान्याच्या यंत्राची धडधड येई आणि तिच्यावरून धाकट्याचा आवाज.

"सर्व ऐकणाऱ्यांना, सर्व ऐकणाऱ्यांना! एक कप. साखर कालच्यासारखी नको."

"कालच्या साखरेला काय धाड भरली होती?" धाकटी, म्हणजे त्याची बायको, स्टोव्हपाशी उभी राहून डब्याला विचारी. डबा उलट बोलत नसे, म्हणून त्याच्याशी भांडणं तिला आवडे.

धाकट्याच्या हेल्मेटमध्ये काड्यापेटीएवढा ट्रान्समीटर होता, तोही थोरल्याच्या हातचा. कानापाशी एक बारीकसा स्पीकरही बसवलेला होता, पण घरातून बोलायचं यंत्र इतकं मरतुकडं की त्याचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच दम तोडी. 'सर्व ऐकणाऱ्यांना' ही दोघांची लहानपणापासूनची खोड. हौशी रेडिओवाले आधी अशी मोकळी हाक घालतात. जो कोणी ऐकत असेल, त्याने ओ द्यावी. समोर सख्खा भाऊ असला तरी सुरुवात हीच.

मग धाकटा जिना चढे, खोलीत पाऊल टाकी आणि रिसीव्हर कोल्ह्यासारखा कुईं करून ओरडे. माईक स्पीकरजवळ आला की असं होतं. माईक स्पीकरचं ऐकतो, स्पीकर तेच मोठं करून पुन्हा माईकला ऐकवतो, आणि दोघं मिळून कानठळ्या बसवतात. जिन्यात असेपर्यंत कधी व्हायचं नाही. खोलीत आला की हमखास.

"आला तुमचा कोल्हा, भाऊजी!" धाकटी म्हणे. थोरला हसत बटण खाली करी.

फळीखाली एक जुना टीव्ही होता. त्याच्यासाठी थोरला चित्र पाठवणारा ट्रान्समीटर बनवत होता. एकदा त्याने तो गॅलरीतल्या कॅमेऱ्याला जोडला, तर शेजारच्या म्हातारीच्या मालिकेत अर्धा तास यांची वाळत घातलेली चादर दिसत राहिली. म्हातारी अजून विचारते, त्या चादरीचं पुढं काय झालं म्हणून.

२

धाकटा शहराखालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या बोगद्यात पंपावर होता. घरी येऊन कामाचं फारसं बोलत नसे. पण त्या आठवड्यात एकदा चहा ढवळता ढवळता म्हणाला, "दादा, ठेकेदार दर पाळीला टेम्पो भरून माणसं उतरवतो. डोक्यावर हेल्मेट नाही, दिवा नाही. नाव विचारलं तर एकमेकांकडे बघतात. मी पुढे चालतो आणि ते माझ्या दिव्याच्या उजेडात मागून येतात."

"किती असतील?"

"मोजतंय कोण?"

आणि मग एका सकाळी बोगदा बसला.

दुपारी कंपनीची गाडी भोंगा लावून फिरली. कोणीही घाबरू नये, सर्व कामगार सुखरूप बाहेर आले आहेत, आत कोणी नाही. 'आत कोणी नाही' हे वाक्य मोठं सोयीचं असतं. ते एकदा बोललं की शोधायचं कोणाला, हा प्रश्नच मिटतो. खणायला नको, उत्तर द्यायला नको. फक्त गाडीत पेट्रोल आणि भोंग्याला आवाज हवा.

धाकटा मात्र घरी आला नव्हता.

त्याची यायची वेळ झाली तेव्हा धाकटी सवयीने स्टोव्हपाशी जाऊन उभी राहिली. थोरला खुर्चीत बसून डब्याकडे टक लावून होता. खरखर चालू होती. आणि मग ती दबली.

दोघंही हलले नाहीत.

छापखान्याची धडधड आली नाही. पाणी ठिबकत होतं. आणि त्याच्या मागे, अगदी मागे, श्वास.

"जिवंत आहेत," धाकटी म्हणाली आणि तिने डब्याला कान लावला. मग तिने मान वर केली. "भाऊजी, पण श्वास एकाचा नाही वाटत."

"बोगद्यात आवाज घुमतो," थोरला म्हणाला. ते खरंही होतं. बोगद्यात आवाज घुमतोच.

३

कंपनीचे साहेब बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याच्या केबिनमध्ये पंखा अंगावर घेऊन बसले होते. थोरल्याने रिसीव्हर त्यांच्या टेबलावर ठेवला.

"तुम्ही कोण?"

"आत जो आहे त्याचा भाऊ."

"आत कोणी नाही."

"मग तो आहे कुठे?"

"ते तुम्हाला ठाऊक. घरात काही भांडणतंटा झाला होता का?"

"झाला होता," थोरला म्हणाला. "साखरेवरून."

साहेबांनी कपाळाला आठी घातली. थोरल्याने यंत्र चालू केलं, एरियल ताणली, खिडकीकडे फिरवली, दाराकडे फिरवली. नुसती खरखर. काल घरी स्वच्छ ऐकलेला श्वास इथे, बोगद्याच्या तोंडाशी, नावालाही नव्हता.

"अहो, मीही इंजिनियर आहे," साहेब जरा मऊ होऊन म्हणाले. "हे तुमचं खेळणं दोन भिंती पार करत नसेल. मध्ये केवढी माती आहे, दगड आहे. त्यातून ही लहर येणं शक्य आहे का, तुम्हीच सांगा."

शक्य नव्हतं, हे थोरल्याला साहेबांच्या आधीपासून माहीत होतं. रात्रभर तो त्याच्यावरच डोकं फोडत होता. "पंपाचा लोखंडी पाइप आतपासून बाहेरपर्यंत आलाय. लहर त्याच्यावरून सरकत येत असेल."

"पाइप कालच कापला."

थोरला म्हणाला, "आणि ठेकेदाराची माणसं? दर पाळीला टेम्पो भरून उतरायची ती?"

"ते ठेकेदाराला विचारा."

"ठेकेदार कुठे आहे?"

"तेच आम्हीही विचारतोय." साहेबांनी पंख्याचा रोख बदलला. "हे बघा, वरच्या इमारतींना तडे जायला लागलेत. एक-दोन दिवसांत काँक्रीट ओतून बोगदा बुजवणार आहोत."

"जिवंत माणसावर?"

"कोणावरही नाही! आत कोणी नाही, हे किती वेळा सांगायचं?"

पहारेकऱ्याने थोरल्याला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. यंत्र मात्र त्याने स्वतःच्या हातांनी, जपून, आणून दिलं.

४

घराच्या उंबऱ्यात पाऊल ठेवताच खरखर दबली.

थोरल्याने डबा जमिनीवर ठेवला आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसला. बोगद्यापाशी काही नाही आणि इथे सगळं. उलटं व्हायला हवं. लहर म्हणजे काही पोस्टमन नव्हे, वाटेतली घरं सोडून एकाच घरी यायला.

पाणी ठिबकत होतं. कोणीतरी खोकलं. धाकट्याचा खोकला धाकटी झोपेतही ओळखेल. हा त्याचा नव्हता.

"पुन्हा जा," ती म्हणाली. "साहेबाला इथे घेऊन या. हाताला धरून, गळ्याला धरून, कसाही आणा."

"येणार नाही तो."

"मग त्यांना सांगा ना काहीतरी! तिथे अंधारात बसलेत ते. कोणी आपलं ऐकतंय, हे तरी कळू दे त्यांना."

थोरला उठला. चित्र पाठवायच्या ट्रान्समीटरवर वर्षभर खपला होता. त्याने त्याचं झाकण काढलं आणि आतला सगळ्यात दणकट ट्रान्झिस्टर उपसून घेतला. धाकटीने टॉर्च धरला. सोल्डरचा धूर तिच्या डोळ्यांत जात होता, तरी तिने मान वळवली नाही. दुपार टळेपर्यंत घरातून बोलायचं ते मरतुकडं यंत्र इतकं दणकट झालं की त्याची उष्णता ओढणारी पट्टी हाताला चटका देऊ लागली.

थोरल्याने माईक तोंडाशी धरला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, आणि ठरवलेलं नसलं की जिभेवर सवयच येते.

"सर्व ऐकणाऱ्यांना, सर्व ऐकणाऱ्यांना," तो म्हणाला. "आवाज वाढेल त्या बाजूला चाला. कमी झाला तर वळा. थांबू नका. आवाजाच्या रोखाने घरी या."

धाकटीने माईक ओढून घेतला. "अहो, मी बोलतेय. साखर कमी घालते. पण या."

बराच वेळ नुसतं ठिबकणं. मग पाण्यात एक पाऊल पडलं आणि त्याच्यामागे दुसरं.

"निघाले! भाऊजी, निघाले!"

थोरल्याने मान डोलावली. पावलं पडत होती. पुढच्या पावलाच्या पाठोपाठ मागून पावलं, त्यांच्या पाठोपाठ आणखी. प्रतिध्वनी, तो मनाशी म्हणाला. पण प्रतिध्वनी पाय ओढत चालत नाही. त्याला ठेचही लागत नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिबकणं थांबलं होतं. डब्यातून मोकळ्या हवेचे आवाज येत होते. गाडीचा हॉर्न, शाळेची घंटा, कुणाच्या तरी दारातला कुत्रा आधी जोरात भुंकला आणि मग एकाएकी केविलवाणा झाला.

"बाहेर पडले," धाकटी म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने केस विंचरले होते.

थोरला रिसीव्हर घेऊन गच्चीवर गेला. दिशा शोधायची एक साधी युक्ती असते. यंत्र छातीशी धरायचं आणि जागच्या जागी गोल फिरायचं. आपलंच अंग आड येऊन आवाज जिथे पडतो, तिथे ट्रान्समीटर आपल्या पाठीमागे असतो. तो फिरला. बोगद्याकडे पाठ केली, काहीच फरक नाही. बाजाराकडे पाठ केली आणि आवाज पडला. थोड्या वेळाने पुन्हा फिरला. आता रोख शाळेच्या बाजूला होता. शाळा बाजाराच्या अलीकडे, घराच्या जवळ.

कोणाला तरी हेल्मेट सापडलं असेल, त्याने स्वतःला सांगितलं. कोणी भुरटा ते डोक्यावर घालून गावभर हिंडत असेल. असंच असणार. धाकटा जखमी असेल, त्याला कोणी वर काढला असेल आणि तो भ्रमिष्टासारखा चालत येत असेल. यातलं काहीही चाललं असतं. पण प्रत्येक शक्यतेपाशी एक चिमुकली बॅटरी येऊन आडवी पडत होती.

तो खाली आला तेव्हा धाकटी कप पुसत होती.

"बॅटरी किती चालते हो त्याची?"

"नवीन होती," थोरला म्हणाला. "चालते बऱ्यापैकी."

"मला शिकवता?" तिने कप ठेवला. "रोज सकाळी मीच घालते ती. संध्याकाळी काढून जिभेला लावली तर मुंगीसुद्धा चावत नाही. एका पाळीत संपते."

थोरल्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. "मग?"

"मग काय?" तिने दुसरा कप उचलला. तिचं पुसणं चालूच होतं. "येतायत ना? मग येऊ देत."

"आपण दार लावून घेऊ. यंत्र बंद करतो मी."

"खबरदार बटणाला हात लावाल तर! साहेबाने मेला म्हटलं नाही, हरवला म्हटलं नाही. नव्हताच म्हणाला. माझा नवरा नव्हताच! मग आता जो कोणी येतोय, तो मला चालेल."

थोरला खुर्चीत बसला.

६

ऊन कलायच्या सुमाराला जिन्यात बूट वाजले. धाकटी दाराकडे धावली. दारात पहारेकरी होता. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत हेल्मेट.

"साहेबांनी पाठवलंय," तो खाली बघत म्हणाला. "म्हणाले, हे द्या आणि सांगा की आता बोंब मारणं थांबवा."

"कुठे मिळालं?" थोरल्याने विचारलं.

"ओतायच्या आधी तोंडाशी थोडं खोदलं, तेव्हा."

"म्हणजे आत मिळालं. आत कोणी नव्हतं ना?"

पहारेकऱ्याने पिशवी पुढे सरकवली.

"आणि ओतलं का?"

"सकाळीच."

"हेल्मेटजवळ आणखी काय होतं? तू तिथे होतास ना? काय दिसलं तुला?"

"आम्हा सगळ्यांना वर बघायला सांगितलं होतं," पहारेकरी म्हणाला. "जातो मी."

थोरल्याने हेल्मेट टेबलावर पालथं केलं. आतली डबी चेपली होती. स्क्रू काढायची गरजच पडली नाही, झाकण हातात आलं. आत ओला चिखल. बॅटरीच्या दोन्ही तारा मुळापासून तुटलेल्या. माईकच्या जागी खडा रुतून बसलेला. ही वस्तू मेलेली होती. पोरवयापासून थोरल्याने मेलेली आणि जिवंत यंत्रं हाताळली होती, यात त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

डबी त्याच्या तळहातावर होती. आणि फळीवर खरखर दबली.

छापखान्याचं यंत्र धडधडलं. कोपऱ्यावरचं. खिडकीतून येत होतं तेच आणि तसंच, पण डब्यातून.

मग जिन्यातून उतरणाऱ्या पहारेकऱ्याचा आवाज आला, "अहो, जरा बाजूला व्हा, वाट द्या." तो त्यांनी दारातून ऐकला. आणि त्याच क्षणी, तेच शब्द, त्याच सुरात, रिसीव्हरमधून ऐकले. त्यानंतर पहारेकरी जिन्यावरून धडपडत, पळत खाली गेला. तेही दोन्हीकडून ऐकू आलं.

जिना रिकामा होता. धाकटी कठड्यावरून वाकून बघत होती, तिथून तळापर्यंत सगळं दिसत होतं.

"कोणी नाही," ती वळून म्हणाली, आणि आपल्याच शब्दांनी दचकली.

७

कोल्हा आधी हळूच बोलला. बारीक, लांबून, जणू गावाबाहेरून. जिन्यात तो कधी ओरडत नसे, हे दोघांनाही माहीत होतं.

धाकटीने दार सताड उघडं धरलं. "या," ती जिन्याला म्हणाली. "या ना."

"दारात थांबू नकोस," थोरला म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. "त्याचा माईक आधीच खोलीत आलाय."

कुईं चढत गेली. माईक जवळ येईल तसा तिचा सूर बदलतो. थोरल्याचा कान त्या सुरावर पोसलेला होता. दारापासून टेबल. टेबलापासून खुर्ची. सूर खुर्चीपाशी येऊन थांबला, त्याच्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल इतक्यावर. मानेला गारवा लागत होता आणि गाळाचा वास येत होता. त्याने मागे वळून बघितलं नाही. बघावं असं त्याच्या जिवाला फार वाटत होतं. लहानपणी ताप आला की धाकटा असाच त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राही, बोलत नसे.

कुईं आता सहन होईना. काचा वाजू लागल्या. थोरल्याने हात पुढे केला आणि बटण फिरवलं, खाली, आणखी खाली, पार शेवटपर्यंत. खट् झालं. डब्यातला दिवा विझला.

खोली शांत झाली. स्टोव्हवर पाणी उकळत होतं, तेवढंच.

फळीखाली बंद टीव्ही होता. त्याच्या काळ्या काचेत खोली दिसत होती, लहान आणि वाकडी. दारातली धाकटी दिसली. खुर्चीतला तो स्वतः दिसला. आणि त्याच्या डोक्याच्या जरा वर एक पिवळा ठिपका. हेल्मेटचा दिवा. हेल्मेट तर समोर टेबलावर पालथं पडलं होतं.

ठिपका हळूहळू वळला, मागे कोणी राहिलं का ते बघावं तसा. त्याच्या उजेडात भिंत दिसायला हवी होती. भिंत दिसली नाही. खांदे दिसले. ओले केस, कान, उघड्या डोक्यांमागे उघडी डोकी, दाटीवाटीने, थेट दारापर्यंत. धाकटीच्या दोन्ही बाजूंनी आणखी आत येत होते आणि ती अजून जिन्याकडेच बघत उभी होती. त्या एवढ्याशा खोलीत तितकी माणसं मावणं शक्य नव्हतं. पण मोजलंय कोणी त्यांना?

सर्व ऐकणाऱ्यांना, असं थोरलाच माईकवर म्हणाला होता.

"भाऊजी," धाकटी न वळता, अगदी हळू म्हणाली, "यंत्र बंद केलंत का?"

"केलं."

मग बंद यंत्राच्या शांततेत, थोरल्याच्या कानाशी, धाकट्याचा दमलेला, नेहमीचा आवाज आला.

"चहा ठेव गं. सगळ्यांचा."